वडिलांनी कधीच न खाल्लेला खर्रा

शेजारी कुणी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला लागलं, की ओल्या चुन्याच्या वासाने मी अजून उठून दुसरीकडे जाते. वडील गिट्टीच्या खदानीत दिवसभर दगडाच्या धुळीत कामाला होते आणि वर्षभर खोकत होते. खदानीच्या मालकाने गावच्या शाळेत मोफत आरोग्य शिबिर भरवलं, तेव्हा मीच त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. शेजारच्या खुर्चीवर खदानीचा मुकादम बसला होता. "खर्रा किती खाता, भाऊ?" डॉक्टरांनी विचारलं. "मी नाई खात, साहेब." मुकादम हसला, "आपल्या इकडचा माणूस अन् खर्रा नाई? काऊन झूट बोलून राह्यले?" वडिलांनी लहान मुलासारखा आ करून पांढरे दात दाखवले. डॉक्टरांनी मुकादमाकडे पाहिलं आणि कागदावर ‘खोकला तंबाखूमुळे’ असं लिहिलं. मी धुळीचं नाव काढलं असतं, तर वडिलांचं काम त्याच दिवशी गेलं असतं. मी तो कागद वाचला आणि त्याची घडी घातली. बाहेर आल्यावर वडिलांनी विचारलं, "काय लिहिलं, पोरी?" मी म्हणाले, "औषध लिहिलं, बाबा." दुसऱ्या दिवशी ते पुन्हा खदानीवर गेले. आता ते नाहीत, आणि आजही कुणी माझ्याकडून कागद वाचून घ्यायला आलं, की आजूबाजूला कोण बसलं आहे ते मी आधी पाहते.