टीव्हीवर समाधानी झालेले नाईक

टीव्हीवरची राजकीय चर्चा हा मी वर्षानुवर्षं फुकट बघत आलेला तमाशा. चार चौकटींत चार तोंडं, सगळी उघडी, आणि कान एकालाही नाही. आवाज बंद करून बघितली तर जास्त कळते.

गेल्या निवडणुकीत ही जत्रा थेट आमच्या पारावर उतरली. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला. जनतेच्या वतीने बोलायला चॅनलवाल्यांनी बंजारा तांड्याचे प्रमुख, म्हणजे नाईक, निवडले, कारण त्यांचा फेटा रंगीत होता. त्यांचं आणि माझं शेत शेजारी. कालव्याची पाळी आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती, त्यांच्या हळदीची पानं पाण्याविना पिवळी पडत होती. पाणी कधी सोडता, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

आता तांड्याची रीत अशी की बोलणारा आधी बैठकीची परवानगी मागतो. ती मिळेपर्यंत मुद्द्याला हात घालत नाही. नाईकांनी हात जोडले, चहूकडे बघून विचारलं, "मंडळी, बोलू का?" आणि थांबले. म्हातारे एकेक करून होकार देऊ लागले. तेवढी शांतता निवेदिकेला सोसवेना. नाईकबाबांचे आभार मानून तिने माईक दोन पक्षांच्या प्रवक्त्यांच्या मध्ये धरला. काय ते भांडण! एकाने दुसऱ्याचे आजोबा काढले, दुसऱ्याने देश काढला. पाण्याचं नाव कोणी घेतलं नाही. ब्रेक होताच दोघं एका गाडीत बसून एकाच प्लेटमधली भजी खाऊ लागले.

"मायं तर बोलनंच झालं न्हाई," नाईक मला म्हणाले.

रात्री कार्यक्रम आम्ही त्यांच्याच ओट्यावर बघितला. पडद्यावर नाईक, हात जोडलेले, आणि खाली पट्टी: पाण्याबाबत शेतकरी समाधानी.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कालव्याच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी नाईकांना लगेच ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. तुम्ही समाधानी आहात हे काल पाहिलं, म्हणाले, तेव्हा वरच्या गावांनाच आणखी थोडं देतो.

नाईकांनी कप बाजूला सरकवला. "साहेब, त्या टीव्हीतल्या मानसाले पानी मिळालं असंल. मी हितं बसून राहिलो."

आणि बसलेच. दुपारपर्यंत तांड्यातली माणसं येऊन त्यांच्या शेजारी बसली. कोणी आवाज चढवला नाही. शेवटी साहेबांनी गेट उघडायला फोन लावला.

नाईक तिथून थेट शेतात गेले आणि पाणी पिकात आणणारा दंड मोकळा करायला लागले. धुऱ्याकडची, बांधालगतची हळद मात्र तोवर हातची गेली होती.