परब सरांचं बीपी आणि आमचे दोन गोल

मंडळी, आज कांदिवलीच्या मैदानावर भलतंच झालं.

आमच्या लेडीज फुटबॉल टीमचे कोच परब सर म्हणजे तोफखाना. बीपीमुळे डॉक्टरांनी ओरडायला बंदी केली, म्हणून आज पहाऱ्याला सरांच्या मिसेस, म्हणजे काकू, आल्या. सर गप्प, आणि आमची वाट लागली! चुकलं की आम्ही बेंचकडे बघायचो, तिकडे शांतता. दोन गोल खाल्ले.

हाफटाइमनंतर सर काकूंच्या कानात कुजबुजायचे आणि काकू गरजायच्या, "गो, पायाक मेंदी लावलंस काय? धाव!" धावलो. दोन्ही गोल फेडले.

मॅचनंतर मी म्हटलं, "सर, कुजबुजतानाही शिव्याच?"

काकू हसल्या. "छे गो! हे नुसतं 'पोरां दमली' म्हणत होते. शिव्या माझ्या."

तुमचा तोफखाना मनात काय पुटपुटतो, कधी विचारलंत?