दसऱ्याला रिकामा राहिलेला पाया
घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मी लिहिणं म्हणजे आगाऊपणाच, सांभाळून घ्या. पण ओल्या गोणपाटाचा वास आला, की आणीबाणीच्या आधीची पिंपरीतल्या कारखान्याची ती शेड आठवते. सुट्टीत मी तिथे शिकाऊ होतो. आमच्या इंजिनिअरांनी भिंतीवरच्या तक्त्यावर कामाचे टप्पे आखले होते: आखणी, पाया, मशीन, चाचणी, आणि शेवटी काम सोपवणं. एकेक टप्पा झाला की ते स्वतः त्याची पट्टी रंगवत. पत्रा दाबून आकार देणाऱ्या मोठ्या प्रेसचा काँक्रीटचा पाया नुकताच भरला होता, त्यावर भिजवलेली गोणपाटं पसरली होती. मॅनेजर आले. “दसऱ्याला मालक मशीनला हार घालणार. बसवून टाका!” “साहेब, पाया अजून कच्चा आहे,” इंजिनिअर म्हणाले. “ आत्ता वजन ठेवलं तर तडकेल.” “मग काय खड्ड्याची पूजा करायची?” “पायाची करू.” “नोकरी जड झालीय का तुम्हाला?” इंजिनिअर गोणपाटांवर पाणी मारत राहिले. दसऱ्याला मालकांनी त्या ओल्या गोणपाटांवरच झेंडूचा हार ठेवला. दिवाळीआधी इंजिनिअरांना काढलं. प्रेस पुढे बसला, चालला. शेवटची पट्टी मात्र दुसऱ्यानेच रंगवली. परवा कळलं, कंपनी बंद झाली, प्रेस विकला गेला, तिथे आता इमारत होतेय, आणि काम अडलंय, कारण तो पाया काही केल्या फुटत नाहीये.