वाघ सर, फुलसुंदर सर आणि आमची बी.एस्सी.

सायन्सच्या डिपार्टमेंटमध्ये दोन गोष्टी न मागता साठत जातात: फुटक्या काचपट्ट्या आणि किस्से. काचपट्ट्या निदान वर्षाच्या शेवटी फेकून देता येतात. किस्से कपाटात मावत नाहीत आणि बाहेरही जात नाहीत. चार जुनी माणसं चहाला बसली की एक जण सांगतो, दुसरा दुरुस्त करतो, तिसरा म्हणतो, "तू तेव्हा नव्हतासच," आणि किस्सा पुन्हा नवा होतो.

मी मूळची वारूळवाडीची. नव्वदच्या दशकात आमच्या भागातल्याच एका कॉलेजात बी.एस्सी. केली आणि पुढे तिथेच शिकवायला लागले. म्हणजे एकाच लॅबमध्ये मी आधी बोलणी खाल्ली आणि नंतर दिली.

तिथे बॉटनीला फुलसुंदर सर होते आणि झूऑलॉजीला वाघ सर. दोन्ही आडनावं आमच्याकडे सर्रास सापडतात, पण बाहेरून आलेला माणूस ती ऐकून आधी हसायचा आणि मग आपली चेष्टा चाललीय की काय म्हणून आजूबाजूला बघायचा. नवीन आलेले एक प्राचार्य ओळख झाल्यावर म्हणाले, "मग केमिस्ट्रीला आमले असतील." केमिस्ट्रीला खरंच आमले होते. ते त्या दिवशी रजेवर होते म्हणून वेळ निभावली.

*

तिसऱ्या वर्षाला स्पेशल विषय निवडायचा असतो. बॉटनी की झूऑलॉजी, हे मला ठरवता येईना, म्हणून आमचे आप्पा शेतावरची कामं टाकून माझ्याबरोबर कॉलेजात आले. टोमॅटोचा हंगाम चालू होता, त्यामुळे ते घाईत होते.

आधी ते फुलसुंदर सरांकडे गेले. पोरगी बॉटनीला घातली तर पुढे काय, असं त्यांनी विचारलं. सरांनी सांगितलं, एम.एस्सी. करता येईल, बी.एड. करता येईल, फॉरेस्टची परीक्षा देता येईल, बियाण्याच्या कंपनीत लागता येईल. आप्पांनी मान हलवली आणि ते समोरच्या खोलीत वाघ सरांकडे गेले. वाघ सरांनी सांगितलं, एम.एस्सी. करता येईल, बी.एड. करता येईल, फॉरेस्टची परीक्षा देता येईल, औषधाच्या कंपनीत लागता येईल.

आप्पा बाहेर व्हरांड्यात आले. तिथे लॅब अटेंडंट सखारामभाऊ ट्रे धूत होते. आप्पांनी त्यांनाच विचारलं, "भाऊ, दोगांची यादी तर येकच हाय. मग ह्याच्यात फरक काय?"

सखारामभाऊंनी हातातला ट्रे पालथा घातला आणि म्हणाले, "बॉटनीत वास कमी येतो."

मी बॉटनी घेतली.

*

वाघ सरांना पालीची भीती वाटायची. सापाला ते शेपटीला धरून उचलत, विंचू चिमट्यात पकडून मुलांच्या नाकासमोर फिरवत, पण पाल म्हटलं की संपलं. हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं, आणि नेमकं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तासाला कळलं.

सर फळ्यावर सरड्याचं चित्र काढत होते. भिंतीवरच्या तक्त्यामागून एक जाडजूड पाल निघाली आणि फळ्याच्या चौकटीवर येऊन थांबली. सरांनी खडू खाली ठेवला. शिकवणं न थांबवता ते बाकांच्या मधून चालत मागे आले आणि शेवटच्या बाकाशी उभे राहून पुढे शिकवू लागले. आम्ही सगळे फळ्याकडे पाठ करून बसलो. वह्या मांडीवर घेतल्या.

इतक्यात राउंडला निघालेले प्राचार्य दारात आले. सगळा वर्ग उलटा बसलेला पाहून त्यांनी, हा काय प्रकार आहे, असं विचारलं. सरांनी फक्त फळ्याकडे बोट दाखवलं. प्राचार्यांनी मान वर करून बघितलं.

ते आत आले नाहीत. "चालू द्या," म्हणाले आणि दार बाहेरून हळूच लावून घेतलं.

*

बॉटनीवाल्यांना हर्बेरियम करावं लागतं. म्हणजे रानातून वनस्पती गोळा करायच्या, रद्दीत दाबून वाळवायच्या, जाड कागदावर चिकटवायच्या आणि खाली नाव, ठिकाण आणि आपलं नाव लिहिलेली चिठ्ठी लावायची. हे काम पावसाळ्यात करायचं असतं. पावसाळ्यात आमच्या वर्गातला गोरक्ष क्रिकेट खेळत होता.

सबमिशनच्या आदल्या आठवड्यात त्याने वरच्या वर्गातल्या एकाकडून तयार हर्बेरियम आणलं आणि जुन्या चिठ्ठ्यांवर आपल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. फुलसुंदर सरांनी ते चाळलं. एका तेरड्यापाशी थांबून, झाड मुळासकट नाही, दाबायची घाई केली आहे, असा शेरा मारला आणि दहापैकी पाच मार्क दिले.

सर कागद परत देत होते तेवढ्यात गोरक्षची चिठ्ठी एका कोपऱ्याने सुटली. खाली दुसरी चिठ्ठी दिसली. सरांनी ती नखाने उचकटली, तर तिच्याखाली तिसरी. सर आता खुर्ची पुढे ओढून बसले. गोरक्ष दाराकडे बघत होता. चौथी चिठ्ठी निघाली, आणि तिच्याखालच्या पाचवीवर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, फुलसुंदर सरांचंच नाव होतं. विद्यार्थी म्हणून.

आम्हाला वाटलं, आता गोरक्षचं वर्ष गेलं. सरांनी लाल पेन उघडलं, पाचचे आठ केले आणि म्हणाले, "वाळवलंय चांगलं."

*

भीमाशंकरच्या सहलीत शेकरू बघणं सक्तीचं होतं. वाघ सरांनी आदल्या दिवशी सूचना दिल्या: भडक कपडे नकोत, अत्तर नको, बोलायचं नाही, खोकलासुद्धा रुमालात. एस.टी. करारावर घेतली होती. शिनोलीपर्यंत आम्ही गाणी म्हटली आणि तिथून पुढे जंगलात जायची प्रॅक्टिस म्हणून गप्प बसलो.

दिवसभर आम्ही एका रांगेत, पाय न वाजवता चाललो. सरांच्या गळ्यात दुर्बीण होती. शेकरूचं घरटं दिसलं, शेकरूने कुरतडलेली फळं दिसली, पण शेकरू काही दिसलं नाही. संध्याकाळी दुखऱ्या पायांनी एस.टी.पाशी आलो तर ड्रायव्हरमामा पायरीवर बसून डबा पुसत होते.

कुठं गेला होता एवढा वेळ, असं त्यांनी विचारलं. शेकरू शोधायला गेलो होतो, असं सांगितल्यावर त्यांनी वरच्या फांदीकडे हात केला. ते मोठं तांबडं जनावर दुपारपासून तिथंच होतं, खाली येऊन त्यांच्या डब्यातली अर्धी चपाती खाऊन गेलं, आणि आत्ताच, आमचा आवाज ऐकून पळालं.

सरांनी दुर्बीण काढून पिशवीत ठेवली, वही उघडली आणि ड्रायव्हरमामांच्या शेजारी पायरीवर बसले. शेपूट अंगापेक्षा लांब होतं का, चपाती कोणत्या हाताने धरली, उडी किती फुटांची, असं सगळं विचारून घेतलं. आम्हीही भोवती बसून लिहून घेतलं.

तो अहवाल अजून डिपार्टमेंटमध्ये आहे. त्यात 'निरीक्षक' या रकान्यात ड्रायव्हरमामांचं नाव आहे आणि पुढे त्यांचा बिल्ला नंबर.

*

मी शिकवायला लागले त्यानंतर काही वर्षांनी पर्यावरण हा विषय सगळ्यांना सक्तीचा झाला. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, कुणालाही सुटका नाही. फुलसुंदर सर म्हणाले हा विषय झूऑलॉजीचा, वाघ सर म्हणाले बॉटनीचा. मी दोघांची विद्यार्थिनी, त्यामुळे तो माझ्याकडे आला.

पहिल्याच परीक्षेत मी प्रश्न घातला, आपल्या परिसरातील एक अन्नसाखळी लिहा. ते बिबट्यांचे दिवस होते. रोज कुठल्या ना कुठल्या उसात बिबट्या निघायचा आणि त्याच्यामागे कॅमेरे निघायचे. कॉमर्सच्या एका मुलाने लिहिलं होतं: ऊस, उंदीर, कुत्रा, बिबट्या, पत्रकार.

मी अर्धा मार्क कापला. उंदीर मांजर खातं.

*

त्याच विषयात प्रोजेक्ट असायचा. एका वर्षी मी गावातली झाडं मोजायला सांगितली. एकाच गावच्या चार मुलांनी आपापले प्रोजेक्ट दिले आणि चौघांचे आकडे चार तऱ्हेचे. तिघांचे तर हजारावर. चौथा मुलगा विठ्ठल, त्याने फक्त त्रेसष्ट झाडं लिहिली होती. तीही नावानिशी, कुणाच्या बांधावरची, फांदी कुठं मोडली आहे, सगळं.

मी चौघांना बोलावलं. तिघांनी थोड्याच वेळात कबूल केलं की त्यांनी घरी बसून आकडा ठरवला होता. विठ्ठलने मात्र खरंच मोजली होती. मग त्रेसष्टच कशी, तुमच्या गावात एवढीच झाडं आहेत का, असं मी त्याला विचारलं.

तो म्हणाला, "न्हाई मॅडम, लई हायेत. मी तिथं दमलो."

माझा चेहरा पाहून त्याने मला धीर दिला. "बाकीची कुठं जात न्हाईत मॅडम."

*

मग कॉम्प्युटरची लाट आली. जो तो कॉम्प्युटरला जाऊ लागला आणि झूऑलॉजीचा तिसऱ्या वर्षाचा वर्ग ओस पडला. दहा मुलं झाली नाहीत तर स्पेशल विषय बंद, असं संस्थेने कळवलं. नऊ झाली होती आणि यादी शनिवारी द्यायची होती. वाघ सरांनी वीस वर्षं तो विषय शिकवला होता. त्या आठवड्यात ते डबाही नीट खात नव्हते.

डिंभ्याची सुनंदा दुसऱ्या वर्षाला झूऑलॉजीत पहिली आली होती, पण तिने फॉर्म भरला नव्हता. गुरुवारी सर मला बरोबर घेऊन डिंभ्याला निघाले. एक एस.टी. आलीच नाही, दुसरी भरून आली. पोचेपर्यंत दुपार झाली.

सुनंदाचे वडील किसनभाऊ धरणात मासेमारी करायचे. ते अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते. सुनंदा दारात उभी राहिली. सर सांगू लागले. पोरगी हुशार आहे, एक वर्ष राहिलंय. किसनभाऊंचं म्हणणं होतं की कॉलेज पुरे, आता काहीतरी नोकरीचं शिकू दे. मग त्यांनी विचारलं, ह्या वर्षी तुम्ही शिकवणार काय? सर उत्साहाने म्हणाले, मासे. माशांची रचना, वाढ, रोग, पैदास.

किसनभाऊंनी जाळं बाजूला ठेवलं आणि आम्हाला पाण्यावर नेलं. सुनंदाही मागून आली. काठाशी उभं राहून त्यांनी सरांना विचारलं, वारा असा सुटलाय, तर आता मासा कुठल्या अंगाला असेल? सरांनी एक दिशा दाखवली. किसनभाऊंनी मान हलवली, नाही. पाणी गढूळलं की कुठला मासा आधी वर येतो? सरांनी नाव सांगितलं. तेही नाही. पोटात अंडी आहेत हे न कापता कसं ओळखायचं? सरांनी पुस्तकातलं सांगितलं. किसनभाऊ हसले.

चौथा प्रश्न झाल्यावर सर म्हणाले, "मला नाही माहीत."

सुनंदाने मला नंतर सांगितलं की ती मागे उभी राहून चुका मोजत होती आणि तिसऱ्या चुकीला तिने आशा सोडली होती.

किसनभाऊ म्हणाले, "पाठवतो पोरीला. तुमालाबी कायतरी कळंल."

शनिवारी दहा नावांची यादी गेली.

वर्षाच्या शेवटी प्रॅक्टिकलची परीक्षा आली. पुण्याहून एक्स्टर्नल परीक्षक आले होते, कडक म्हणून प्रसिद्ध. सकाळी बाजारातून आणलेले मासे ट्रेमध्ये मांडले होते. सुनंदाचा नंबर आला. एक्स्टर्नलनी तिच्यापुढे ट्रे सरकवला आणि ओळखायला सांगितलं. तिने मासा उचलला, गालावरचं झाकण बोटाने उघडून आत बघितलं, डोळा दाबला आणि परत ठेवला.

"कटला आहे सर," ती म्हणाली. "परवाचा."

वाघ सर खिडकीबाहेर बघू लागले. कशावरून, असं एक्स्टर्नलनी विचारलं. तिने सांगितलं. कल्ले लाल हवेत, ते विटकरी पडलेत. डोळा फुगीर हवा, तो आत गेलाय. अंग दाबलं तर खड्डा तसाच राहतो. एक्स्टर्नल सगळं लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी स्वतःही बोट लावून बघितलं.

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, वाकून टेबलाखालची आपली पुण्याला न्यायची पिशवी वर घेतली, आतला कागदात गुंडाळलेला मासा काढला आणि ट्रेच्या शेजारी ठेवत हळू आवाजात म्हणाले, "बरं, आता हा बघ."