चोपन्न पॉइंट पाच

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत टेलरबाईचं शिलाई मशीन होतं आणि मागच्या खोलीत तिचा संसार. नवरा नळदुरुस्तीची कामं करायचा, म्हणून सगळे त्यांना नळवाले म्हणत. दोघांनाही नावं होती, पण ती फक्त लाइटच्या बिलावर दिसायची.

टेलरबाईची शाळा चौथीत सुटली होती. तरी मापाला ती पक्की. "सव्वाचौदा", "साडेसोळाला एक दोरा कमी" असं ती टेपकडे जेमतेम बघून सांगायची. माझ्या यजमानांच्या आजारपणात मी वाळले, ते माझ्याआधी तिच्या टेपला कळलं होतं. तिने काही विचारलं नाही, फक्त बाह्या आत घेऊन दिल्या.

नळवाल्यांचा स्वभाव उलटा, बोलका. बायकोला डिवचल्याशिवाय त्यांचा चहा गोड होत नसे. "हिच्या तोंडात टाचण्या असतात तेवढाच वेळ घरात शांतता," असं ते गिऱ्हाइकांसमोर सांगायचे. ती टाचण्या काढून म्हणायची, "तुमच्या तोंडाला मात्र अजून वॉशर सापडला नाही." नळ दुरुस्त झाला की त्याच्याखाली ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायचं आणि मगच "झालं काम" म्हणायचं, ही त्यांची रीत.

अशा माणसाच्या किडन्या गेल्या.

हिवाळ्याच्या तोंडावर एका सेंटरमध्ये आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. अंगात साठलेलं पाणी यंत्र काढून टाकायचं, आणि मधल्या दिवसांत ते फार साठू द्यायचं नाही, एवढं पथ्य सांभाळायचं. पाणी काढल्यावर नळवाल्यांचं वजन त्रेपन्न किलो भरायचं. तिथल्या तंत्रज्ञाने सांगितलं, रोज संध्याकाळी वजन बघा, अमुक आकड्याच्या वर गेलं की सकाळपर्यंत पाणी बंद. वर गेलं तर पाणी फुप्फुसात शिरेल, हेही त्याने सांगितलं. त्याने जाड पेनाने चिठ्ठीवर ५४.५ लिहून दिलं. टेलरबाईने बाजारातून वजनाचं मशीन आणलं आणि ती चिठ्ठी त्याच्यावरच चिकटवली.

सेंटरमधल्या काट्यावर पॉइंटच्या पुढे एकच आकडा यायचा. टेलरबाईच्या मशीनवर दोन यायचे. एवढ्याशा फरकात काय काय मावू शकतं, हे तेव्हा कुणाच्याही मनात आलं नाही.

त्या हिवाळ्यापासून त्यांच्या घरातली संध्याकाळ बदलली. दिवे लागले की नळवाले चपला काढून मशीनवर उभे राहत, आणि आकडा बघून टेलरबाई एक तर अर्धा पेला पाणी द्यायची, नाहीतर ओला कपडा. बहुतेक वेळा कपडाच. त्याने ते ओठ टिपायचे. चूळ भरायची परवानगी होती, पण चूळ भरताना ती समोर उभी राहायची, घशाकडे बघत. नळवाले म्हणायचे, "पोलिसात असतीस तर साहेब झाली असतीस." आधी आधी हे सगळं थट्टेने चालायचं. उन्हाळा आला तशी थट्टा आटली. ते नुसते मोरीकडे तोंड करून पडून राहायचे.

सकाळी सेंटरमध्ये वजन व्हायचं तेव्हा तंत्रज्ञ वाचायचा, "चोपन्न पॉइंट तीन. वा, ताई, तुमच्याइतकं कुणी पाळत नाही." टेलरबाईला वाटायचं, संध्याकाळी वर गेलेला आकडा रात्रभर पाणी तोडल्यामुळे खाली आला. म्हणजे उपाय लागू पडतोय. मग ती आणखी कडक व्हायची.

एका संध्याकाळी उसवलेलं अस्तर शिवून घ्यायला मी खाली गेले. हवा इतकी तापलेली होती की भिंतीला हात लावला तरी ऊब लागत होती. आतून नळवाल्यांचा आवाज आला, एक घोट दे गं, एकच. टेलरबाईने हातातला कपडा उगाचच पुन्हा झटकला.

मी विचारलं, वजन किती आलं?

"चोपन्न पॉइंट पस्तीस," ती म्हणाली. "बघा ना मावशी. पाचपर्यंतच जायचंय आणि हे गेले पस्तीसला. आता कुठून देऊ पाणी?"

मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं ऐकलं. मशीन तिथेच होतं. मी चिठ्ठी वाचली.

"अगं, मग अजून खालीच आहेत की ते."

"पस्तीस पाचाच्या खाली कसे असतील?" म्हाताऱ्या माणसाशी बोलावं तसं ती माझ्याशी समजुतीने बोलली.

तिची चूक विचित्र नव्हती. दुकानाच्या बिलावर पॉइंटच्या पुढे नेहमी दोन आकडे असतात, तिथे ती कधी फसली नाही. सव्वा, साडे, पाऊण तर तिच्या बोटांत होते. पण एका बाजूला एकटा पाच आणि दुसऱ्या बाजूला पस्तीस अशी जोडी कुणी तिच्यासमोर ठेवलीच नव्हती.

मी तिच्याकडून टेप मागून घेतली आणि उलटी केली. सेंटिमीटरची ती बाजू अगदी कोरी करकरीत होती, कारण तिचं सगळं इंचांवर भागायचं. मी दाखवलं, दोन मोठ्या रेघांमध्ये दहा बारीक घरं आहेत. चोपन्नच्या पुढे पाच घरं मोजून टाचणी लावली. म्हटलं, हा पॉइंट पाच, म्हणजे मधोमध. तुझ्या भाषेत साडेचोपन्न. आता पॉइंट पस्तीस तू लाव. तीन घरं आणि चौथ्याचं अर्धं.

तिने टाचणी लावली. ती पहिल्या टाचणीच्या मागे पडली. तिने काढली, नखाने पुन्हा घरं मोजली, पुन्हा लावली. पुन्हा मागेच. दोन टाचण्यांच्या मध्ये जेमतेम धागा जाईल एवढी फट होती.

"ही फट म्हणजे किती पाणी?" तिने विचारलं.

"दीडशे ग्रॅम. एक कप."

"आणि पंचवीस आलं असेल तर?"

"पाव किलो. भरलेला पेला, वर थोडं."

पुढचा आकडा तिने विचारला नाही. इतक्या संध्याकाळींचे आकडे तिच्या डोक्यात होते.

मग ती उठली, कपात पाणी ओतलं आणि आत गेली. मीही दारापर्यंत गेले. नळवाल्यांनी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मशीन बिघडलं का?"

"मशीन नाही. मी चुकीचं वाचत होते." आणि तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मशीन आणल्यापासून, सगळा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा. स्वतःसाठी एक शब्द मऊ केला नाही.

नळवाले घटाघट प्यायले नाहीत. पहिला घोट त्यांनी तोंडात बराच वेळ धरला. कप संपवून जिभेवर उलटा केला आणि म्हणाले, "जन्मभर लोकांचे गळके नळ बंद केले. तू चालू नळ बंद करून दाखवलास. माझ्यापेक्षा कारागीर निघालीस."

ती हसली नाही.

"हस की गं. तहानेने मेलो का मी?"

तेव्हा ती हातातला ओला कपडा तोंडावर धरून रडली. मी वर निघून आले.

त्यानंतर तिचा आकडा कधी चुकला नाही. पण तिला राहिलेलं पाणी त्यांना परत द्यायचं होतं, आणि ते देता येत नव्हतं. ५४.५ ही हद्द जागची हलत नव्हती. न प्यायलेलं पाणी मागे कुठे साठून राहिलेलं नव्हतं, की आज थोडं, उद्या थोडं घालून हिशेब मिटवावा. तिने मला विचारलंसुद्धा, एखाद्या दिवशी थोडं जास्त दिलं तर? मी डॉक्टरांना विचार म्हटलं. तिने विचारलं नाही, कारण उत्तर तिला माहीत होतं.

एकदा माझ्यादेखत मशीनवर ५४.४० आलं आणि तिने भरलेला पेला आणून त्यांच्या हातात दिला. नळवाले आधी मशीनकडे वाकले.

"शंभर ग्रॅम बसतात. हे किती आहे?"

"प्या हो मुकाट्याने."

त्यांनी अर्धा पेला पिऊन परत केला. "उरलेलं तू पी. त्या दिवसापासून तुझाही घसा कोरडाच आहे."

तिने भिंतीकडे तोंड करून ते पाणी संपवलं.

पुढच्या थंडीत, यंत्राला जोडलेले असतानाच त्यांचं हृदय थांबलं. त्या सकाळचं वजन हद्दीच्या आत होतं. हृदयच थकलं होतं, पाण्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी टेलरबाईसमोर त्यांना पुन्हा तेच विचारलं, तिने ऐकावं म्हणून. तिने ऐकलं. घरी येताना रिक्षात म्हणाली, "गेले कशाने, हे मी विचारतच नाही, मावशी. होते तेव्हा..."

महिन्याभराने वजनाचं मशीन सेंटरला देऊन टाकायला ती मला सोबत घेऊन गेली. बाहेरच्या बाकावर एक तरुण मुलगी बसली होती. नवरा आत, पहिलाच आठवडा. तिच्या हातात तशीच चिठ्ठी होती, आकडा वेगळा. टेलरबाई तिच्याशेजारी बसली आणि मशीन तिच्या मांडीवर ठेवलं. वाचता येतं का, असं विचारल्यावर मुलगी जरा रागानेच म्हणाली, दहावी झालेय. तरी वाचून दाखव, टेलरबाई म्हणाली. मग तिने सांगितलं, पॉइंटपुढे एकटा आकडा असला की आधी त्याच्यापुढे शून्य लाव आणि मगच ताडून बघ. पाच म्हणजे पन्नास. मुलीने पेन काढून चिठ्ठीवर शून्य लावलं.

"तुम्ही तुमच्या यांना किती देता पाणी?" तिने विचारलं.

टेलरबाई म्हणाली, "आता मोजत नाही. हवं तेवढं पितात."

मुलीचा चेहरा उजळला. म्हणजे पुढे पुढे चालतं का, असं काहीसं ती विचारायला गेली, पण उत्तरासाठी थांबलीच नाही. मशीन बाकावर ठेवून ती काचेच्या दाराशी गेली आणि आत पलंगावर पडलेल्या नवऱ्याला खुणा करू लागली, अंगठा तोंडाशी नेऊन, पेला उपडा करावा तसा हात वर करून.

"चला मावशी," टेलरबाई म्हणाली.