ऱ्हाईन बजेटमध्ये बसत नाही

शिजत्या भाताचा एक वास आहे, तो मला अजून सहन होत नाही. घरी कुकर लावला की भूकच लागते, त्या वासाबद्दल मी बोलत नाहीये. हा वास हॉटेलच्या बाथरूममधला. कमोडच्या झाकणावर राइस कुकर ठेवलेला, बाजूला ओले टॉवेल लटकलेले, आणि साबणाच्या वासात मिसळून येणारी ती वाफ. बाथरूममध्ये का, तर खोलीतला स्मोक अलार्म वाजू नये म्हणून. ही अक्कल आमच्या खजिनदारांची.

खजिनदार म्हणजे माझ्या नवऱ्याचा कॉलेजातला मित्र. तो कॉव्हेंट्रीला, आम्ही मिल्टन कीन्सला. दोघंही आयटीत, दोघांची घरं स्वतःची, आणि दोघांपैकी कुणावरही उपाशी मरायची वेळ आलेली नाही. त्या उन्हाळ्यात दोन्ही घरांनी मिळून गाडीनं युरोप करायचं ठरवलं. तो आणि त्याची बायको, आम्ही दोघं, आणि मिरजेहून आलेली माझी आई.

आई शहात्तर वर्षांची. वडील गेल्यावर पहिल्यांदाच एवढ्या लांब आलेली. शाळेत जन्मभर भूगोल शिकवला तिनं. युरोपातल्या नद्या, त्यांची खोरी, कुठल्या नदीतून कोळसा जातो आणि कुठल्या नदीतून लाकूड, हे तिला आमच्या नातेवाइकांच्या पत्त्यांपेक्षा जास्त पाठ. युरोपात शिरायला लागणारा शेंगेन व्हिसा तिनं भारतातूनच काढून आणला होता. गुडघे असे, इन्शुरन्स असा, पुन्हा काही येणं होणार नाही, हे ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती. रडत नव्हे, हवामान सांगावं तसं.

बजेटची मीटिंग आमच्याच फ्रंट रूममध्ये झाली. खजिनदारानं टीव्हीवर एक्सेल लावलं. सगळ्यांनी सारखे पैसे आधीच त्याच्याकडे द्यायचे, तो खर्च करणार, आणि उरले तर शेवटी वाटून देणार. नाश्ता हॉटेलचा फुकट. दुपारचं जेवण म्हणजे त्याच नाश्त्यातून गुपचूप उचललेले ब्रेड. रात्री भात आणि मेतकूट. टॉयलेटसाठी वेगळी ओळ होती, माणशी दिवसाला दोन खेपा. मी हसले. मला वाटलं, गंमत आहे.

आईच्या वाट्याचे पैसे मी भरणार होते. पण आमच्या घरात लेकीचं खायचं नाही ही रीत, आणि आई त्या बाबतीत सासूच्याही सासूसारखी. माझ्या घरी आली की आधी माझ्या हातावर काहीतरी ठेवणार, मग पाणी पिणार. युरो तिनं पेन्शनमधून घेऊन आणले होते. नोटांची गड्डी कोपऱ्यात सेफ्टी पिननं टाचून, पोलक्याच्या आतल्या खिशात. पिन काढून तिनं ती गड्डी खजिनदाराच्या हातात दिली. त्यानं ती तिच्यासमोर दोनदा मोजली.

"मला फक्त ऱ्हाईनवर बोटीत बसायचंय," आई म्हणाली. "तेवढं बघा."

"बघू ना काकू," तो म्हणाला. मराठीत 'बघू' म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

समुद्राखालच्या टनेलमधून पलीकडे युरोपात गेलो आणि खरी शोभा सुरू झाली. तिथल्या हायवेवर टॉयलेटला पैसे पडतात. नाणं टाकलं की फाटक उघडतं आणि एक कूपन मिळतं, ते दुकानात चालतं. आमचा माणूस फाटकापाशी उभा राहून लोकांनी फेकलेली कूपनं जमिनीवरून उचलायचा. ओल्या फरशीवरची, बुटांखाली आलेली. पँटला पुसून, सगळ्यांचे पैसे ठेवलेल्या कमरेच्या पाऊचमध्ये टाकायचा आणि वर आम्हाला दाखवायचा. त्या कूपनांतून एकदा त्यानं चॉकलेट आणलं. मी खाल्लं नाही. नवऱ्यानं खाल्लं, त्याच्या बायकोनंही खाल्लं, आणि ती म्हणाली, ह्यांचं मॅनेजमेंट बघ. तिच्या पर्समधून तेव्हा सकाळच्या उकडलेल्या अंड्यांचा वास येत होता.

बेल्जियममध्ये माझ्या लक्षात आलं की आईच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी सकाळी होतं तेवढंच आहे. ओठ सुकले होते. विचारलं तर म्हणाली, तहान नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, उगाच माझ्यामुळे जास्तीचं नाणं कशाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी खजिनदाराला सांगितलं की म्हाताऱ्या बाईला तू तहानलेली ठेवतोयस. तो शांतपणे म्हणाला की वहिनी, मी काकूंना काहीच म्हणालो नाही, त्यांनी आपणहून ठरवलंय. हे त्याचं खरं होतं, आणि म्हणूनच मला त्याची जास्त शिसारी आली. पुढच्या थांब्यावर मी माझ्या पर्समधलं नाणं टाकून आईला आत नेलं. संध्याकाळी बघते तर तिनं कुठल्याशा सुट्यातलं तेवढंच नाणं माझ्या पर्समध्ये ठेवून दिलेलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही कोब्लेन्झला पोचलो. तिथे ऱ्हाईनला दुसरी एक नदी येऊन मिळते, आणि त्या संगमाच्या टोकाशी उभं राहायला पैसे पडत नाहीत, म्हणून ते आमच्या यादीत होतं. आईनं गाडीतच केस विंचरले, बरी साडी नेसलेलीच होती, वरून नवा स्वेटर चढवला. धक्क्यावर पांढरी बोट लागलेली. वरच्या मजल्यावर खुर्च्या, माणसं आईस्क्रीम खात बसलेली. आई तिकीट खिडकीपाशी गेली आणि तिकिटाचा दर वाचून मागे वळली. दर म्हणजे एका पिझ्झाएवढा.

खजिनदारानं मान हलवली. "काकू, बजेट लॉक झालंय. एकासाठी एक्सेप्शन केलं की सगळं कोलॅप्स होतं. आणि नदी इथून फ्री दिसतेच आहे की."

मी कार्ड काढलं. आईनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तू नको," ती म्हणाली. "माझे पैसे आहेत त्यांच्याकडे. त्यातनं काढू दे."

सगळे त्याच्याकडे बघत होते. पाऊच त्याच्या पोटावर होता, आईपासून हातभर अंतरावर. त्यानं पाऊचवर हात ठेवला आणि सांगितलं की पैसे आता कुणा एकाचे नाहीत, कॉमन आहेत, शेवटी हिशोब होईलच, काकूंचा एक सेंटही कुठे जाणार नाही. त्याची बायको म्हणाली की बोटीवर वारं फार असतं, काकूंना सोसणार नाही. माझा नवरा बुटाची लेस बांधायला खाली वाकला. लेस सुटलेली नव्हती.

मग मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. मिरजेच्या भाजी मंडईतसुद्धा माणसं त्याहून बरं बोलतात. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. पण ओरडून काय होणार होतं? तो पाऊच सोडत नव्हता, आणि ती मला कार्ड वापरू देत नव्हती. एकाची कवडी आणि दुसरीची रीत, ह्या दोन दगडांमध्ये मी भरडून निघाले. तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. दोर सोडले आणि बोट सुटली.

"असू दे गं," आई म्हणाली. "मी पोरांना काठावरूनच शिकवली. काठावरूनच बघते."

ती कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली. एक मालवाहू बोट गेली तेव्हा तिच्यात काय भरलंय ते तिनं मला सांगितलं. मग खजिनदाराच्या बायकोनं टिश्यूत गुंडाळलेला ब्रेड पुढे केला, आणि आईनं तो घेऊन खाल्ला, थँक्यू म्हणून. तो कोरडा ब्रेड चावताना तिच्या जबड्याची होणारी हालचाल मला बघवेना.

परत आल्यावर आमच्याच फ्रंट रूममध्ये शेवटचा हिशोब झाला. ट्रिप अंडर बजेट झाली म्हणून खजिनदारानं जाहीर केलं आणि ज्याच्या त्याच्या हातात उरलेले युरो ठेवले. माझ्या नवऱ्यानं टाळ्या वाजवल्या. आईच्या वाट्याला आले त्यात ती बोटीत दहा वेळा बसून आली असती. मी तिला म्हटलं, आपण दोघीच जाऊ, विमानानं, दोन दिवसांत परत येऊ. तिनं पासपोर्ट दाखवला. शेंगेनचा व्हिसा एकदाच आत जाण्याचा होता. मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, आता पुरे.

महिन्याभरानं तिला हीथ्रोवर सोडायला गेलो. नवरा ट्रॉली आणायला गेला होता. माझा फोन वाजला. ग्रुपवर खजिनदारानं आमचा पाचही जणांचा संगमावरचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, फुल ऱ्हाईन, झीरो कॉस्ट. त्याखाली माझ्या नवऱ्याचा अंगठा आला होता. ट्रॉली आणता आणता दिला असणार.

आईनं पोलक्यात हात घालून ते युरो काढले आणि माझ्या मुठीत कोंबले.

"दोन महिने तुझ्याकडे जेवले," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं गेले तर मला घास गिळणार नाही. नाही म्हणू नकोस."

मी नाही म्हटलं नाही. ती आत गेल्यावर मूठ उघडली. नोटांच्या कोपऱ्यात पिनेची भोकं होती. मिरजेत तिनं टाचलेल्या, त्याच नोटा.