बटण बंद होतं

माझ्या थोरल्या बहिणीच्या उजव्या हाताचा अंगठा नीट मिटत नाही. मनगट मोडलं होतं, ते जरा तिरकं जुळलं. आमच्या नात्यागोत्यात कुणालाही विचारा, कारण पाठ आहे. सुनेनं कॉम्प्युटरचं बटण चालू ठेवलं आणि सासूला करंट बसला. हे खरं नाही. खरं काय ते मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि खोटं बाहेर पडलं ते माझ्या तोंडून.

मी रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होतो, राहायला शिरूरला. बहीण दौंडला दिलेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मालगाडीचे ड्रायव्हर. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना डोळ्यांच्या तपासणीत त्यांना लांबचा लाल दिवा आणि हिरवा दिवा वेगळा ओळखता येईना. इंजिनावरून उतरवून त्यांना ऑफिसात बसवलं. तिथं जीव रमेना म्हणून त्यांनी आधीच निवृत्ती घेतली आणि घरी येऊन हॉलमध्ये टीव्हीपुढच्या खुर्चीत बसले. टीव्ही बंद असला तरी तिथंच. लाइनीवरून गाडीचा खडखडाट आला की बसल्या जागी सांगायचे, "भरल्याली हाय. सिमेंट असंल." एवढं बोलून पुन्हा गप्प.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. आमच्या कारखान्यात एक तरुण इंजिनिअर जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर गाडी चालवण्याचा गेम खेळायचा. पडद्यावर इंजिनाची केबिन, समोर रूळ, बाजूनं जाणारे खांब आणि सिग्नल. ते बघताना मला दाजी आठवले. नवा कॉम्प्युटर कुणालाच झेपणार नव्हता, म्हणून मी जुन्या भागांचा जोडायचं ठरवलं. मदरबोर्ड आणि प्रोसेसर पुण्याला बुधवार पेठेतून आणला, हार्ड डिस्क एका मोडीत निघालेल्या मशीनची मिळाली, रॅम दुसरीकडून. सगळ्यात महाग असतो तो पडदा. तो घेतलाच नाही. ज्याची वायर घरच्या टीव्हीला लागते असं एक जुनं कार्ड मिळालं, तेवढ्यावर भागलं. मी याआधी कधी कॉम्प्युटर जोडला नव्हता. तीन रविवार शिरूरच्या घरात सगळं सतरंजीवर मांडून बसलो. पहिल्यांदा चालू केला तेव्हा तो नुसता बीप बीप ओरडत राहिला. रॅम पुरती बसली नव्हती.

कीबोर्डची बटणं दाबत दाजी गाडी चालवतील हे काही पटेना. एक स्वस्तातली जॉयस्टिक फोडली आणि तिच्या आतला फिरणारा भाग भंगारातल्या एका मशीनच्या लोखंडी हँडलला जोडला. हँडल फळीवर ठोकलं. पुढं ढकललं की गाडीचा वेग वाढायचा, मागं ओढलं की ब्रेक.

दौंडला नेऊन हॉलमध्ये मांडलं तेव्हा दाजींनी आधी हँडलच बघितलं.

"मेव्हणं, गंजलंय की हे."

"तुमचं इंजिन काय चकचकीत होतं?"

"न्हाई म्हना," असं म्हणत त्यांनी त्यावर हात ठेवला, आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. मग गाडी सुटली. पहिल्याच फेरीत त्यांनी सिग्नल तोडला.

"दाजी, लाल होता."

"व्हय का? आसूंदे. हितं कोन मला चार्जशीट देतंय!"

आतून बहीण ओरडली, "जेवाय वाढलंय, टेसनात थांबवा जरा."

"लोड हाय गं मागं. थांबत न्हाई लगीच."

"न्हाई तर काय. सिग्नलला थांबंना, ती माझ्या भाकरीला काय थांबंल!"

त्या दिवशी त्या घरात खूप दिवसांनी सगळे एकदम हसले.

पण जोडताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लावलं की झिणझिण्या यायच्या. घर जुनं. बोर्डाच्या सॉकेटला भोकं तीन, पण तिसऱ्या भोकामागं काहीच नव्हतं. पत्र्यावर आलेला करंट जमिनीत उतरवणारी अर्थिंगची तार घरात कधी ओढलीच नव्हती. नीट करायचं तर परसात खड्डा घ्यायचा, त्यात पाइप, कोळसा आणि मीठ घालायचं, तिथून तार हॉलपर्यंत आणायची. अर्ध्या दिवसाचं काम. रविवारची संध्याकाळ होती, शिरूरची एसटी गाठायची होती. मी बोर्ड उघडला आणि आतल्या आत दोन इंचाचा तारेचा तुकडा न्यूट्रलपासून अर्थिंगच्या भोकाला जोडून दिला. झिणझिण्या थांबल्या.

यात काय वाईट, ते सांगतो. खांबावरून घरात दोन तारा येतात. एकीत करंट असतो, ती फेज. दुसरी न्यूट्रल, तिला हात लावला तरी सहसा काही होत नाही. मी पत्रा त्या दुसरीला जोडला होता. पण खांबावर काम करताना कुणी या दोन तारांची अदलाबदल केली, तर तोच पत्रा सरळ करंटला जोडला जातो. आणि बटण बंद करूनही उपयोग नसतो, कारण बटण आता चुकीची तार तोडत असतं. बटण बंद, तरी पत्रा जिवंत. मला हे पुरेपूर माहीत होतं. असा तुकडा मारला म्हणून मी कारखान्यात एका ठेकेदाराच्या माणसाला गेटबाहेर काढलं होतं.

पुढच्या रविवारी खड्डा घेऊ, असं मनात म्हटलं. पुढच्या रविवारी गेलो, दाजींची गाडी बघितली, मटण खाल्लं आणि परत आलो. असे चार-पाच रविवार गेले.

बहिणीचा मुलगा तेव्हा बदलीच्या गावी होता, सून दौंडलाच. बी. ए. झालेली, हुशार. दुपारी दाजी झोपले की ती त्या कॉम्प्युटरवर टायपिंग शिकायची. मला म्हणाली होती, "मामा, टीव्हीवर माझं नाव येतंय. मालिकेत काम मिळाल्यागत वाटतंय." गावातल्या एका शाळेच्या ऑफिसात ऑपरेटरची जागा होती आणि तिला चाचणीला बोलावलं होतं. सासूला ते मनातून आवडलं होतं. शेजारणींना सांगत फिरायची.

आणि मग तो गुरुवार आला. सकाळी दुरुस्तीसाठी लाइट गेली. त्यांच्या गल्लीतल्या खांबावर काम चाललं होतं. दुपारी लाइट आली. थोड्या वेळानं बहिणीनं ओलं फडकं घेऊन कॅबिनेट पुसायला घेतलं. ती मागं फेकली गेली आणि उंबऱ्यावर मनगटावर पडली. शेजाऱ्यानं धावत येऊन दोन्ही तारा एकदम तोडणारा मेन स्विच पाडला.

मला कारखान्यात फोन आला. दिवस मावळायच्या आत दौंडला पोचलो. बहीण दवाखान्यात, हात प्लास्टरात, पण बोलत होती. घरी आलो तर दाजी खुर्चीत आणि सून स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"मामा, मी बटण बंद केलं होतं," ती म्हणाली. "सकाळी लाइट गेली तेव्हाच सगळी बंद केली होती."

"बंद व्हतं तर करंट आला कुठनं?" दाजी म्हणाले.

प्रश्न कुणीही विचारावा असाच होता. गडबडीत दहा जणांनी दहा बटणं खालीवर केली होती. बघून काही कळणार नव्हतं. मी दोघांना लांब उभं केलं, बोर्डाचं बटण बंद असल्याची खात्री केली, मेन चालू केला आणि टेस्टर पत्र्याला टेकवला. मुठीतल्या टेस्टरचा दिवा लागला. तो फक्त मला दिसला. मेन बंद केला, बोर्ड उघडला, तो दोन इंचाचा तुकडा सोडवून खिशात टाकला. मीटरपाशी जाऊन उलट्या झालेल्या तारा सरळ केल्या.

"मेव्हणं," दाजी म्हणाले, "बटन चालू ऱ्हायलं व्हतं ना? तुमी सांगा."

मी म्हणालो, "हां. तसंच असणार. ओलं फडकं आणि चालू बटण."

ती माझ्याकडं बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. आलेलं उत्तर चुकलं कसं, म्हणून आपण गणित परत तपासतो, तशी ती बघत होती. मग माझ्यासाठी चहा ठेवायला आत गेली.

त्यानंतरच्या रविवारी मी परसात खड्डा खणला. शेजारीपाजारी म्हणाले, भाऊ असावा तर असा, सुट्टीच्या दिवशी राबतोय. मी ऐकून घेतलं.

सुनेला कॉम्प्युटरला हात लावायची बंदी झाली. चाचणीच्या दिवशी ती भाकऱ्या थापत होती, कारण बहिणीच्या हातून थापणं कायमचं गेलं होतं. दाजींनीही तो कॉम्प्युटर पुन्हा लावला नाही. काही वर्षांनी ते गेले. मरायच्या आधी त्यांना खरं सांगायची संधी मला पुष्कळ वेळा आली होती. प्रत्येक वेळी मी तब्येतीची चौकशी करून उठलो.

घरात एक वाक्य मात्र राहिलं. कुणी बाहेर निघालं की सुनेला विचारायचं, "बटण बघितलं का?" आधी रागानं, पुढं चेष्टेनं, मग पोरांनी, पाहुण्यांनीसुद्धा.

गेल्या वर्षी तिच्या मुलीला बघायला पाहुणे आले. मीही होतो. बहिणीनं अंगठा दाखवून तीच गोष्ट रंगवून सांगितली, "आमच्या सूनबाईनं मला एकदा उडवली व्हती बघा." सगळे हसले. पाहुण्यांना रस्त्यापर्यंत सोडायला निघालो, तर सून फाटकातून मागं गेली. परत आली, पुन्हा गेली.

"काय विसरलं?" मी विचारलं.

"काही नाही मामा. बटणं बघते. सवय."

आठ दिवसांनी मी दौंडला परत गेलो. ती एकटी मागच्या दारी तांदूळ निवडत होती. तारेच्या तुकड्यापासून टेस्टरच्या दिव्यापर्यंत सगळं सांगितलं. तिचा हात सुपात थांबला.

"म्हणजे बंद होतं?"

"बंद होतं."

तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "मामा, पहिली दोन-तीन वर्षं मला पक्कं आठवायचं. बोट बटणावर ठेवलेलं आठवायचं. मग सगळेच म्हणतात म्हटल्यावर चालू ठेवल्याचं आठवायला लागलं. आता डोळे मिटले की मला ते चालूच दिसतं."

मी तिची माफी मागितली.

"ते नंतर बघू," ती म्हणाली. "आधी आत चला."

तिनं मला बहिणीपुढं नेलं आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं. आक्का ऐंशीला आली आहे, पण कान शाबूत आहेत. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू खड्डा खणत व्हतास, तवा दुपारी हिनंच तुला भाकरी वाढली. खाल्लीस?"

"खाल्ली."

"गिळली कशी रं?"

ती सुनेकडं वळली. "आन् तू का न्हाई भांडलीस गं?"

"भांडले होते आत्या. तुमचं प्लास्टर निघेपर्यंत भांडत होते."

बहिणीनं डावा हात पुढं केला. सुनेनं तो लगेच धरला नाही. सुपातले तांदूळ डब्यात ओतून आली, मग शेजारी बसली. एकमेकींना काय म्हणाल्या ते मला माहीत नाही, कारण मला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं.

निघताना सून फाटकापर्यंत आली. "मामा, आम्ही दोघींनी ऐकून काय उपयोग? पोरीच्या लग्नाला सगळे येतील, कुणीतरी बटणाचं काढणारच. तुम्ही लिहून द्या. झेरॉक्स मी काढते. नवे सोयरेही वाचतील, म्हणून पहिल्यापासून लिहा. माफीबिफी कमी. तार कशी जोडली ते नीट लिहा, कुणालाही समजेल असं." एवढं सांगून ती घरातली बटणं बघायला परत फिरली.

नावं घातलेली नाहीत, ज्यांना कळायची त्यांना कळतील. पहिला कागद मी तिला वाचायला दिला होता. त्यात लिहिलं होतं की त्या दुपारी बटण बहुधा बंद असावं. तिनं पेन मागितलं, त्या ओळीवर रेघ मारली आणि कागद माझ्यापुढं सरकवला. मी तिच्यासमोर ती ओळ पुन्हा लिहिली.